टॉवर हॅम्लेट्सचा महापौर: एका बरोच्या निवडणुकांची शंभर वर्षं

प्रश्न असा आला आहे: "नोकरीनिमित्त लंडनच्या आयल ऑफ डॉग्ज भागात राहायला आलो. लंडनचा महापौर वेगळा, टॉवर हॅम्लेट्स बरोचा महापौर वेगळा, शिवाय कौन्सिलचा स्पीकर म्हणून आणखी कोणी आहे. हे तीन कशाला? इथल्या निवडणुकांचा विषय निघाला की जुने रहिवासी एवढे हमरीतुमरीवर का येतात? आणि माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तर मला मत देता येतं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, येतं. त्याचे नियम शेवटी सांगतो. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी थोडं मागे जावं लागेल. पूर्व लंडनमध्ये मतदान केंद्रांवर आणि मतमोजणीच्या टेबलांवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे की या बरोतली (बरो म्हणजे लंडनचा स्थानिक कारभाराचा विभाग) भांडणं बरोपुरती कधीच राहिली नाहीत. इथे वाद पेटतो, मग न्यायालय किंवा संसद त्यात उतरते आणि अखेरीस देशभराचा कायदा बदलतो. हे दोनदा तरी अगदी ठळकपणे घडलं आहे, एकदा 1921 मध्ये आणि दुसऱ्यांदा 2015 मध्ये. म्हणून इथल्या लोकांना आपल्या निवडणुकीची एवढी चाड आहे.

आधी रचना समजून घेऊ. लंडनमध्ये 32 बरो आहेत आणि प्रत्येकाचं स्वतःचं कौन्सिल आहे. घरं, कचरा, शाळा, ग्रंथालयं, वृद्धांची देखभाल, बांधकाम परवाने ही कामं बरोची. वाहतूक, पोलीस आणि शहराचा एकूण आराखडा लंडनच्या महापौरांकडे. बहुतेक बरोंमध्ये नगरसेवक आपल्यातून नेता निवडतात आणि तोच कारभार पाहतो. तिथे महापौर असतो तो समारंभापुरता, गळ्यात साखळी घालून फिती कापणारा, वर्षाला बदलणारा. टॉवर हॅम्लेट्स, न्यूहॅम, हॅकनी, लुइशम अशा मोजक्या ठिकाणी मात्र महापौर थेट जनतेतून निवडला जातो आणि सत्ता त्याच्या हाती असते. टॉवर हॅम्लेट्सने हे पद घेतल्यावर सभा चालवायला आणि समारंभांना वेगळी व्यक्ती लागली, ती म्हणजे स्पीकर.

आपल्याकडच्या वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईचा महापौर नगरसेवक निवडतात आणि प्रशासनाच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. टॉवर हॅम्लेट्सचा महापौर तसा नाही. जनतेतून थेट निवडलेला नगराध्यक्ष आपण महाराष्ट्रात पाहिला आहे, पण त्याच्यापेक्षाही याचे अधिकार जास्त आहेत. मंत्रिमंडळासारखी समिती तो स्वतः नेमतो, आणि त्याच्या अर्थसंकल्पात बदल करायचा तर कौन्सिलचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. चार वर्षं त्याला अविश्वास ठरावाने काढता येत नाही. पुढची सगळी कहाणी या एका तरतुदीभोवती फिरते.

आता इतिहास. टॉवर हॅम्लेट्स हे नाव जुनं असलं तरी आजचा बरो 1 एप्रिल 1965 चा. बेथनल ग्रीन, पॉपलर आणि स्टेपनी हे तीन जुने बरो एकत्र करून तो बनवला. पहिली निवडणूक त्याच्या आदल्या वर्षी, मे 1964 मध्ये झाली. जुने तीन बरो 1900 मध्ये अस्तित्वात आले होते आणि तिथला महापौर नगरसेवक एका वर्षासाठी निवडत. तो स्वतः निवडून आलेला असलाच पाहिजे अशी अटही नव्हती. पुढे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली 1919 मध्ये स्टेपनीचे महापौर झाले ते असेच. त्याच वर्षी लंडन काउंटी कौन्सिलची निवडणूक ते हरले होते, पण मजूर पक्षाच्या नगरसेवकांनी त्यांना बाहेरून आणून महापौर केलं.

(मराठी वाचकांसाठी एक जवळचा दुवा: मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ मंचरजी भावनगरी 1895 पासून 1906 पर्यंत याच बेथनल ग्रीनच्या ईशान्य मतदारसंघाचे खासदार होते, तेही हुजूर पक्षाचे. निवडणूक संसदेची, बरोची नव्हे. तरी ईस्ट एंडच्या, म्हणजे पूर्व लंडनच्या मतदाराने मुंबईच्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी दोनदा निवडून दिलं होतं.)

त्या काळची खरी गोष्ट पॉपलरची. पहिल्या महायुद्धानंतर, नोव्हेंबर 1919 मध्ये मजूर पक्षाने पॉपलर जिंकलं. सरकारी गरीब-मदत घेणाऱ्याचं मत काढून घ्यायची जुनी अट 1918 च्या कायद्याने गेली होती. गोदी कामगार आणि त्यांच्या बायका यांच्या हाती प्रथमच खरी संख्या आली आणि कौन्सिलचं रूपच पालटलं. जॉर्ज लान्सबरी त्या नव्या कौन्सिलचे पहिले महापौर.

अडचण कायद्यात होती. बेकारांना आणि निराधारांना द्यायची मदत त्या त्या भागाने आपल्याच घरपट्टीतून उभी करायची. म्हणजे जिथे गरीब जास्त तिथे घरपट्टी जास्त, आणि तीही गरिबांनीच भरायची. वेस्टमिन्स्टरमध्ये मालमत्ता महाग आणि बेकार थोडे, पॉपलरमध्ये नेमकं उलटं. वर लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस आणि इतर शहरव्यापी संस्थांचा हिस्साही पॉपलरने वसूल करून द्यायचा. 1921 मध्ये पॉपलरच्या नगरसेवकांनी ठरवलं की हा हिस्सा आम्ही वसूलच करणार नाही. 29 जुलैला ते बरोच्या चोपदारासह, वाजतगाजत उच्च न्यायालयापर्यंत चालत गेले. न्यायालयाचा आदेश त्यांनी मानला नाही आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला 30 नगरसेवक तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, 5 स्त्रिया हॉलोवेच्या. त्यांतल्या नेली क्रेसल गरोदर होत्या. कौन्सिलच्या सभा ब्रिक्स्टन तुरुंगात भरल्या आणि हॉलोवेतून स्त्री नगरसेवकांना त्यासाठी गाडीने आणलं गेलं. सुमारे सहा आठवड्यांनी नगरसेवक सुटले. वर्ष संपायच्या आत संसदेने कायदा करून गरीब-मदतीचा बोजा सगळ्या लंडनवर वाटून टाकला. तुरुंगात गेलेल्या त्या स्त्रियांपैकी एक, जॉर्ज यांच्या सूनबाई मिनी लान्सबरी मात्र 1 जानेवारी 1922 ला वारल्या, वयाच्या 32 व्या वर्षी. बो रोडला त्यांच्या नावाचं घड्याळ आहे. तुमच्या घरापासून लांब नाही, एकदा जाऊन या.

पॉपलरवर मी एवढा वेळ घालवला, कारण पुढच्या प्रत्येक निवडणुकीत हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत परत आला: टाउन हॉलचा पैसा आणि टाउन हॉलची घरं कोणाला मिळणार?

मधली दशकं झरझर सांगतो. स्टेपनीत 1937 मध्ये फिल पिरॅटिन कम्युनिस्ट पक्षाचे नगरसेवक झाले आणि 1945 मध्ये माइल एंडचे खासदार. भाडेकरूंच्या संपांतून त्यांनी पाया घातला होता. 1965 नंतरच्या नव्या बरोत मजूर पक्षाचं एकछत्री राज्य होतं. 4 मे 1978 ला, कौन्सिलच्या मतदानाच्याच संध्याकाळी, व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या कपडे शिवणाऱ्या तरुण बांगलादेशी कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. त्यानंतर हजारो लोक शवपेटीमागून चालत शहराच्या मध्यापर्यंत गेले. बांगलादेशी समाज इथल्या राजकारणात उतरला तो त्या मोर्च्यापासून. 1982 मध्ये त्या समाजाचे नगरसेवक कौन्सिलमध्ये बसले.

1986 मध्ये लिबरल पक्षाने मजूर पक्षाला अगदी थोडक्यात हरवलं आणि एक धाडसी प्रयोग केला. बरोचे सात विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र कार्यालय, अंदाजपत्रक आणि अधिकार दिले. सत्ता लोकांच्या दारापर्यंत नेण्याची ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. पण त्याच कारभारात घरवाटपाचा एक नियम आला: इथल्या जुन्या रहिवाशांच्या मुलामुलींना आधी घर. कागदावर त्यात वंशाचा उल्लेख नव्हता. प्रत्यक्षात, ज्यांचे आईवडील बांगलादेशातल्या सिल्हेटहून नुकते आले होते त्यांच्यासाठी दार बंद झालं आणि गोऱ्या कुटुंबांना सांगितलं गेलं की तुमचं घर दुसरं कोणीतरी घेतंय.

याचा परिणाम तुमच्याच भागात दिसला. आयल ऑफ डॉग्जच्या गोद्या बंद झाल्या होत्या. 1981 पासून तिथल्या जमिनीचा निर्णय सरकारने नेमलेलं महामंडळ घेत होतं, लोकांनी निवडलेलं कौन्सिल नव्हे. खिडकीतून कॅनरी वॉर्फचा मनोरा वर चढताना दिसायचा आणि मुलाला कौन्सिलचं घर मिळत नव्हतं. 16 सप्टेंबर 1993 च्या मिलवॉल प्रभागाच्या पोटनिवडणुकीत अतिउजव्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचे डेरेक बीकन 1,480 विरुद्ध 1,473 मतांनी निवडून आले. अवघ्या सात मतांनी, देशात त्या पक्षाची पहिली जागा. लोक हादरले. पुढच्या मे महिन्यात मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले. बीकन यांची मतं वाढूनही ते पडले आणि मजूर पक्षाला 50 पैकी 43 जागा मिळाल्या.

हे 43 कसे झाले, तेही कळायला हवं. इथे बहुतेक प्रभागांत दोन किंवा तीन जागा असतात. पुण्या-नागपुरात बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगवेगळ्या लढल्या जातात. इथे तसं नाही. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, जितक्या जागा तितक्या फुल्या मारायच्या, आणि वरचे तेवढे निवडून येणार. लोक बहुधा एकाच पक्षाला सगळ्या फुल्या देतात, त्यामुळे थोडी आघाडी असलेला पक्ष सगळा प्रभाग घेऊन जातो. 2018 मध्ये मजूर पक्षाने 45 पैकी 42 जागा जिंकल्या, त्यातही या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

इराक युद्धाने पुढचं पान उलटलं. 2005 मध्ये युद्धविरोधी रिस्पेक्ट पक्षाचे जॉर्ज गॅलोवे यांनी बेथनल ग्रीन अँड बो ही संसदेची जागा 823 मतांनी घेतली आणि पुढच्या वर्षी त्या पक्षाचे 12 नगरसेवक आले. थेट महापौराची मागणी याच वातावरणात जोर धरू लागली. 2000 च्या स्थानिक शासन कायद्याप्रमाणे 5 टक्के मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की कौन्सिलला सार्वमत घ्यावंच लागतं. ते 6 मे 2010 ला झालं, संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी. बाजूने 60,758, विरोधात 39,857.

आता पुढचे आकडे शेजारी ठेवून पाहा. प्रत्यक्ष महापौराची निवडणूक 21 ऑक्टोबर 2010 ला स्वतंत्रपणे झाली आणि मतदान जेमतेम 25 टक्क्यांच्या वर गेलं. पद असावं असं म्हणणारेच 60 हजारांहून जास्त होते, तर पदावर कोण बसेल हे ठरवायला सगळे मिळून 45 हजारांच्या आसपास आले. एवढे अधिकार असलेल्या पदाची पहिली निवड अशा एकाकी गुरुवारी ठेवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. लुत्फुर रहमान हे आधी कौन्सिलचे नेते. मजूर पक्षाच्या स्थानिक सभासदांनी त्यांना उमेदवारी दिली होती, पण पक्षाच्या राष्ट्रीय समितीने ती काढून हेलाल अब्बास यांना दिली. रहमान अपक्ष उभे राहिले आणि 23,283 विरुद्ध 11,254 मतांनी पहिल्याच फेरीत जिंकले.

2014 ची निवडणूक 22 मे रोजी झाली आणि ती मात्र चुरशीची होती. त्या वेळी पद्धत दोन पसंतींची होती. मतपत्रिकेवर दोन रकाने, पहिली पसंती आणि दुसरी. कोणालाही निम्म्याहून अधिक पहिल्या पसंती मिळाल्या नाहीत तर पहिले दोघे ठेवून बाकीचे बाद, आणि बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती या दोघांना वाटायची. पहिल्या फेरीत रहमान यांना 36,539 आणि मजूर पक्षाचे जॉन बिग्ज यांना 27,643. दुसऱ्या पसंतीत रहमान यांना फक्त 856 मिळाली, बिग्ज यांना 6,500. अंतर जवळजवळ नऊ हजारांवरून 3,252 वर आलं, पण रहमान टिकले. बरो कसा दुभंगला होता ते या 856 आणि 6,500 मधून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही भाषणातून कळणार नाही. रहमान यांचे मतदार पक्के होते, आणि त्यांच्या बाहेर त्यांना दुसरी पसंती देणारा जवळपास कोणी नव्हता.

त्या मोजणीबद्दल आमच्या कामातली माणसं अजून बोलतात. कौन्सिल, महापौर आणि युरोपीय संसद अशा तीन मतपत्रिका एकाच दिवशी. लाइमहाउसच्या एका जुन्या चित्रपटगृहात मोजणी, गच्च गर्दी, प्रत्येक टेबलावर आक्षेप, फेरमोजणीच्या मागण्या. निकाल लांबत गेले, इतके की युरोपीय निवडणुकीचा अख्ख्या लंडनचा निकाल टॉवर हॅम्लेट्ससाठी अडला. मोजणी ही शांत जागेत, मोकळ्या टेबलांवर, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना दिसेल अशीच व्हायला हवी. ती तशी झाली नाही की हरलेल्याच्या मनात संशय राहतो आणि जिंकलेल्याचाही विजय उणा होतो.

यानंतर चार मतदारांनी निवडणूक याचिका दाखल केली. इंग्लंडमध्ये ही वाट सामान्य मतदाराला खुली आहे, पण मुदत फक्त 21 दिवसांची, आणि हरल्यास खर्च स्वतःच्या डोक्यावर. निवडणूक आयुक्त, म्हणजे इथे अशी याचिका ऐकणारे न्यायाधीश, म्हणून बसलेले रिचर्ड मॉरी यांनी 23 एप्रिल 2015 ला निकाल दिला. निवडणूक रद्द. रहमान स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधींमार्फत भ्रष्ट आणि बेकायदा प्रकारांना जबाबदार ठरले. टपाली मतांतले गैरप्रकार, खोटी नोंदणी, प्रतिस्पर्ध्याबद्दल खोटी विधानं, अनुदानांच्या रूपात लाच, आणि धार्मिक दबाव. शेवटचा मुद्दा रहमान यांना पाठिंबा द्या असं सांगणाऱ्या, 101 इमाम आणि धर्मगुरूंच्या सहीने निघालेल्या पत्रकाचा होता. या कलमाचे आधार शोधायला न्यायालयाला एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांच्या खटल्यांपर्यंत जावं लागलं. मतदान केंद्रांबाहेरच्या दमदाटीचा आरोप मात्र पुरेसा सिद्ध झाला नाही, असं त्याच निकालात आहे. हा भाग लोक विसरतात. रहमान यांना पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी झाली. त्यांनी आरोप कायम नाकारले, आणि पोलीस तपासातून त्यांच्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही. याच सुमारास केंद्रीय मंत्र्यांनी आपले आयुक्त पाठवून अनुदानं आणि मालमत्ता विक्रीचे अधिकार काढून घेतले होते. त्यांचा मुक्काम 2017 पर्यंत राहिला.

या निकालाने देशभराचा कायदा हलवला. सरकारने माजी मंत्री एरिक पिकल्स यांना निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा आढावा घ्यायला सांगितलं आणि त्यांचा अहवाल 2016 मध्ये आला. त्यातून 2022 चा निवडणूक कायदा उभा राहिला: मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र, टपाली मतं हाताळण्यावर बंधनं, अनुचित दबावाची नव्याने व्याख्या. 2023 च्या मतपत्रिका गुप्ततेच्या कायद्याने, मतावर प्रभाव टाकायच्या हेतूने मत देणाऱ्यासोबत दुसऱ्याने कप्प्यात शिरणं हाही गुन्हा झाला. नवरा बायकोला किंवा बाप लेकीला कुठे फुली मारायची ते दाखवतो, हे मी अनेक केंद्रांवर पाहिलं आहे, आणि ते कुठल्या एका समाजापुरतं नव्हतं. हा शेवटचा कायदा मला मनापासून योग्य वाटतो. ओळखपत्राबाबत माझं मत वेगळं आहे. टॉवर हॅम्लेट्सचं मुख्य दुखणं टपाली मतं, नोंदणी आणि सत्तेचा वापर हे होतं, आणि केंद्रावरचं ओळखपत्र त्यांतल्या बहुतेक गोष्टींना हातही लावत नाही. उलट वयस्क आणि गरीब मतदार परत फिरतात.

जून 2015 च्या पोटनिवडणुकीत बिग्ज यांनी रहमान यांच्या सहकारी राबिना खान यांना 32,754 विरुद्ध 26,384 असं हरवलं, आणि 2018 मध्ये ते सहज परत आले. मे 2021 मध्ये पुन्हा सार्वमत झालं: महापौर ठेवायचा की जुन्या पद्धतीचा नेता आणायचा? एवढं रामायण घडल्यावर लोक या पदाला कंटाळले असतील असं बाहेरच्यांना वाटत होतं. पद ठेवा म्हणणारे 63,029 निघाले, नको म्हणणारे 17,951. मग मे 2022 मध्ये, बंदी संपलेले रहमान ॲस्पायर या नव्या पक्षातर्फे उभे राहिले आणि 40,804 विरुद्ध 33,487 मतांनी परत महापौर झाले. कौन्सिलमध्येही ॲस्पायरला 45 पैकी 24 जागा.

ज्याला न्यायालयाने दूर केलं त्याला लोकांनी परत का आणलं? मला हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. भावनिक निष्ठा आहेच. पण लॉकडाउनच्या काळात रस्ते बंद करण्याच्या योजनांवरचा राग होता, कौन्सिलच्या घरांची न हलणारी प्रतीक्षायादी होती, आणि विद्यार्थी भत्त्यासारखी थेट हातात पडणारी आश्वासनं होती. माध्यमिक शाळेपर्यंत सगळ्या मुलांना मोफत जेवण पुढे खरंच सुरू झालं. दुसऱ्या बाजूला, नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारी तपासणीने कारभारातल्या विश्वासाच्या वातावरणावर कडक ताशेरे ओढले आणि 2025 च्या सुरुवातीला केंद्राने पुन्हा आपले दूत नेमले. एकाच माणसाच्या हाती एवढे अधिकार दिले की निवडणूक त्या माणसाच्या बाजूची किंवा विरोधातली होऊन बसते, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. पॉपलरच्या 30 जणांनी एकत्र निर्णय घेतला, एकत्र तुरुंगात गेले. आजच्या रचनेत नगरसेवकाला तेवढं वजनच उरलेलं नाही.

आता तुमच्या मताबद्दल. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहण्याचा वैध परवाना असलेला भारतीय नागरिक, मग तो विद्यार्थी व्हिसावर असो की नोकरीच्या, इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो: कौन्सिल, बरोचा महापौर, लंडनचा महापौर आणि संसदही. नाव मतदारयादीत आपोआप येत नाही. ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि ती मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधीपर्यंत पूर्ण व्हायला हवी. उमेदवार व्हायचं असेल तर मात्र कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना लागतो.

केंद्र सकाळी 7 ते रात्री 10 उघडं असतं. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. तो मुदत संपलेला असला तरी फोटोवरून तुमची ओळख पटत असेल तर चालतो. टपाली मत घेणार असाल तर पाकीट स्वतः बंद करा, सही आणि जन्मतारीख स्वतः लिहा, आणि दारात आलेल्या कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हाती ते देऊ नका. तो ओळखीचा असला, आपल्या भाषेत बोलत असला, तरीही नाही.